डोक्याची मागची बाजू

३ मार्च
नागपूरहून परतलो. मागचे केस काढून पुढे लावले. ऑपरेशन एकदम सक्सेस. डॉक्टर म्हणाले, मागे बारीक पांढरे डाग राहतील. खाजवू नका, ऊन टाळा, मागचे केस आखूड कापू नका. आखूड म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कॉलेजात सांगितलं, ट्रेनिंगला गेलतो. मे महिन्यात राळेगावच्या रूपालीशी साखरपुडा. तिला कळता कामा नये.

९ मार्च
संकल्प : खाजवणार नाही.
दुपारी खाजवलं. पण झोपेत. झोपेतलं धरत नाहीत.

२८ मार्च
लावलेले केस गळले. डॉक्टर फोनवर म्हणाले, गळतातच, पुन्हा येतात. म्हणजे सगळं प्लॅनप्रमाणे. उन्हासाठी दुपट्टा बांधतो. यवतमाळात सगळेच बांधतात, संशय शून्य. फक्त स्टाफरूममध्ये पंख्याखालीही बांधून बसलो, तर शिपाई नंदाबाई म्हणाल्या, धम्मदीप सर, दरोडा टाकाले चालले काय? हसण्यावारी नेलं.

२ मे
पुढे लव आली! डागांचं जेल रोज लावतो. म्हणजे आठवलं त्या दिवशी.

१५ मे, संध्याकाळ
साखरपुड्यासाठी फेड कट. जहीरच्या सलूनमध्ये म्हटलं, मागे मशीन अगदी बारीक मार. त्याने मारली आणि मशीन बंद केली. मग हळूच म्हणाला, भाऊ, जागोजागी केस गेले, चाई लागली काय? म्हटलं, डिझाइन आहे. त्याने मागून आरसा धरला. चष्म्याशिवाय मला काहीच दिसलं नाही. मग लांबून कुणाला काय दिसणार?

घरी चष्मा लावून दोन आरशांत पाहिलं. ठिपकेच ठिपके. रांगोळी काढता येईल.

१७ मे, सकाळ
दीपावहिनीची भुवयांची पेन्सिल मागितली. काहून, म्हणाली. म्हटलं, कॉलेजचा प्रोजेक्ट. तिने माझं डोकं फिरवलं, पाहिलं, आणि हसत हसत स्वतःच एकेक ठिपका भरून दिला. आता पाहणाऱ्याला पत्ता लागणार नाही.

१७ मे, संध्याकाळ
राळेगावला पोचताच भिंत पकडली. कुणाला पाठ दाखवायचीच नाही. प्लॅन परफेक्ट.

मग बुद्धवंदना. वाकावं लागलं. मागे रूपालीचं अख्खं घराणं. घामाने पेन्सिल कधीच कॉलरवर उतरलेली. तिची आजी रुखमाबाई मोठ्याने म्हणाली, पोराले देवी निघाल्या होत्या काय वं?

रूपालीने बाजूला घेतलं. म्हणाली, मले काहून नाई सांगतलं? मी त टकलाचा फोटो पाहूनच हो म्हटलं होतं. मग हसू लागली, थांबेचना. मीही हसलो. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात तिचा भाऊ विक्की आला. पुढून विरळ. डॉक्टरचा नंबर द्या म्हणाला. म्हणजे काम दर्जेदारच! त्याने मला खिडकीपाशी नेलं. पुढून पाहिलं, मान डोलावली. मग मागे गेला. बोटाने ठिपके मोजू लागला.

शेवटी म्हणाला, राहू द्या भाऊजी, मी असाच बरा.