चढावर मागून कुणीतरी

सूनबाई,

तुझी सायकल आली. खोक्यात एकच चाक दिसलं, म्हणून त्या ऑनलाइनवाल्याला फोन करून चांगलं सुनावलं, की स्वस्तात दिली म्हणजे अर्धीच पाठवायची का. तो बिचारा म्हणाला, "मावशी, ती घडी केलेली आहे. मधला खटका उघडा." उघडला, तर अख्खी सायकल समोर उभी. मी बघतच राहिले.

तुला न विचारता घेऊन गेले, रागावू नकोस. हे गेल्यापासून मी शिवलेले पडदे दुकानात तूच पोचवतेस. म्हटलं, आज आपण जाऊ. चढ आला तेव्हा उतरणारच होते, पण सायकल आपसूक हलकी झाली. मागून कुणीतरी हात लावावा तशी. मला शिकवताना तुझे सासरे सीट धरून असेच मागे पळायचे.

बॅटरीवरच्या मोटरचं काम आहे, एवढं मलाही कळतं. तरी दोनदा मागे वळून पाहिलं.

भाजी झाकून ठेवलीय, जेवून घे. पडदे देऊन झालेत. मी पुन्हा एकदा त्या चढावर जाऊन येते.

आई