मनूच्या वाट्याचं दूध

१५ जाने. ८८, शुक्र. शारजा
परत तेच. डबा बदला. सुनंदाच्या पत्रात दुसरं काही नसतंच. मी म्हणतो फॉरेनचा डबा आहे, दुकानातला सगळ्यात महाग उचलला, वर गोरं बाळ आहे गुबगुबीत. ती लिहिते, महाग आहे म्हणून पचेल असं नाही. मनू, आमची पोर, आता सात महिन्यांची. टायफॉइडात सु.चं अंगावरचं दूध आटलं, तेव्हापासून हे चाललंय. आधी बदलापूरची पावडर, मग माझा डबा. दोन्हीने तेच, जुलाब, आंबट उलट्या, पोट ढोलकीसारखं. वजन वाढायचं तर उतरतंय. मी इथं उन्हात लोखंड उचलतो ते कशासाठी? चिडून उत्तर लिहिलं. टाकलं नाही अजून.

२२ जाने., शुक्र.
बरं झालं टाकलं नाही. बदलापुरात वाण्याकडे फोन लावला, त्याने हेंद्रेपाड्यातून सु.ला बोलावून आणलं. तिने मनूला उल्हासनगरला नेलं होतं, मुलांचे डॉक्टर, सिंधी आहेत. म्हणाले, "दूध ही नहीं पचता बच्ची को. गाय, भैंस, पावडर, सब बंद." सोयाबीनची पावडर सांगितली. उकळलेल्या पाण्यात कालवायची, बस. उल्हासनगरात शोधली, मिळाली नाही.
म्हणजे सु. बरोबर होती. फोनवर तसं म्हणालो नाही. मिनिटं पळत होती.

५ फेब्रु., शुक्र.
मिळाली. खोलीतल्या कुट्टीला घेऊन गेलो, त्याला इंग्लिश वाचता येतं, मी पाचवीतून सुटलेला. चार दुकानं फिरलो. कुट्टी डबा फिरवून फिरवून वाचायचा आणि मान हलवायचा, इसमें भी दूध. पाचव्या दुकानात मान हलली नाही.
मोठाले आठ डबे घेतले. अंबरनाथचे नाना सुट्टीवर चाललेत, त्यांच्या बॅगेत कोंबले. म्हणाले, "तुझी पोरगी दूध पीत नाही, मग काय माझ्यासारखं पिते का रे?" हसले, पण आपले परफ्यूम आणि ब्लँकेट काढून डब्यांना जागा केली. माणूस चांगला.

२६ फेब्रु., शुक्र.
पत्र. डबे पोचले. फरक नाही. नाही म्हणजे असा की रविवारी मनू चांगली असते, सोमवारपासून परत सुरू. सु. दुपारची अंबरनाथला पॅकिंगच्या कामाला जाते, तेव्हा आई पाजते. सु. लिहिते, डॉक्टरही चक्रावले, आता मोठ्या तपासण्या सांगतात. माझे हे लोखंड उचलणारे हात बघून वाटतं, पोरीला इथूनच उचलून घ्यावं.
झोप नाही. फोरमनशी भांडलो. आई म्हणायची, याचं बूड एका जागी टेकत नाही. आता टेकवून बसलोय, तर पोर तिकडे.

१८ मार्च, शुक्र.
नाना परत आले. कॅसेट आणली घरची. सु.ने टेप मनूपुढे चालू करून ठेवलेला, मनूचा आवाज यावा म्हणून. आणि स्वतः कपडे आणायला मागल्या दारी. "बा बा बा" आहे. नंतर रडणं. मग शेजारची काकू आली आणि आई तिच्याशी बोलतेय, टेपचं कोणाला भान नाही.
काकू : पाण्यातच कालवायचं म्हणतात ना?
आई : पाण्यात कालवायला आपन काय भिकारी हाव? लेक फॉरेनला हाय माजा. नात हाय माजी. म्हशीच्या दुधात कालवते मी. दाट व्हतं. सुनेला नाय सांगत, ती डॉक्टरचं ऐकते.
परत लावून ऐकलं. कुट्टी विचारतो, क्या हुआ, तू रो रहा है कि हँस रहा है. दोन्ही.
रविवारी सु. घरी असते. म्हणून रविवारी बरी.
सु.ने कॅसेट ऐकली नसणार, तशीच नानांकडे दिली. एवढ्या लांबून मी पकडलं. डॉक्टरला नाही सापडलं, मला सापडलं. पण आईला काय सांगू, तू पोरीला आजारी पाडलंस? तिने तर आपल्या वाट्याचं दूध तोडून पाजलं.

१९ मार्च
कामावरून सुटून सु.ला फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आईंना काही बोलू नका. मी बघते." काय बघणार ते सांगेना.

१ एप्रिल, शुक्र.
काय बाई आहे माझी. सोमवारी आईला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली आणि आईसमोर महादेवाला बोलली, मनूचं पोट ताळ्यावर येईपर्यंत तिच्या वाट्याचं दूध तुझ्या पिंडीवर. आता दर सोमवारी आई स्वतः तांब्या घेऊन जाणार. घरात थेंब कालवायची कोणाची टाप नाही.
मी फोनवर मुद्दाम म्हणालो, "आई, थोडं दूध चालेल की तिला." असली तापली. "देवाला बोललेलं दूध पोरीला पाजू? फॉरेनला जाऊन अक्कल इकलीस का?"
फोन ठेवून बाहेर येईपर्यंत हसत होतो.

१५ एप्रिल, शुक्र.
जुलाब थांबले. शी घट्ट झाली. मी अख्ख्या खोलीला थंडा पाजला, लोकांनी विचारलं कशाचा, तर सरळ सांगितलं, पोरीच्या शीचा. खोलीतला पठाणसुद्धा म्हणाला मुबारक. मनूचं अर्धा किलो वजन वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, काय केलं? सु. म्हणाली, "पाण्यात दिलं, तुम्ही सांगितलं तसं." आईचं नाव घेतलं नाही.
ही माझी बायको. मी तिला त्या न टाकलेल्या पत्रात उलटसुलट बोललो होतो.

६ मे, शुक्र.
डबे संपत आले. नाना यंदा पुन्हा गावी जाणार नाहीत, दुसरं कोणी निघत नाही. सु.ने उल्हासनगरच्या मार्केटात सोयाबीनचा डबा शोधून काढला, आपल्याकडचा. कंपनी वेगळी. दुकानदार म्हणाला, "भाभी, एक ले जाओ. सूट हुआ तो पूरी पेटी मँगाऊँगा, पर पैसा पहले." सोमवारपासून एकेक चमचा देऊन बघणार आहे. मनूला मानवेल का, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. सु. लिहिते, आधी बघू, पैसे घाईने पाठवू नका.
मी म्हणतो, तिने शोधलाय ना, मग मानवेलच.
घरखर्चाचे नेहमीचे बाराशे. पेटीचे सातशे. ड्राफ्ट केला, १९०० रु.