सहा घरांची तबकडी, इद्वलचा आवाज

२४ फेब्रुवारी, सोमवार
अकरा टक्के! सकाळपासून नुसते अकरा टक्के!

इद्वलच्या घशाचं ऑपरेशन सहा मार्चला. स्वरयंत्रच काढणार. म्हणून आवाज आधीच साठवायचा – साडेतीनशे वाक्यं वाचून झाली. ती कंपनीला पोचली की यंत्रात त्याचा आवाज बनेल. तो टाइप करेल, यंत्र बोलेल. पण आधी कंपनीवाले ते ऐकून बघणार. रेकॉर्डिंग खराब निघालं तर पुन्हा वाचायला माणसाला आवाज नको का! शनिवारपर्यंत अपलोड व्हायलाच हवं.

"चाळीस वर्षं 'गप्प बस' म्हणालीस," इद्वल म्हणतो. "आता माझा शब्द न् शब्द जपून ठेवतेस होय?"

हसले. मग कोठारात जाऊन रडले.

२५ फेब्रुवारी
चौतीसवर तुटलं. परत पहिल्यापासून! बर्फानं घाट बंद, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन गावातली लायब्ररी गाठली असती.

२६ फेब्रुवारी
फाइल लहान करून पाठवू का, फोनवर विचारलं. "नको हो, आवाज दबतो," कंपनीतली मुलगी म्हणाली. गोड आहे बिचारी.

संध्याकाळी इद्वल नेल कुत्रीचे केस विंचरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मेन्नाशी बोललोय. ऑपरेशननंतर नेलला ती नेईल." भडकलेच मी! आपली कुत्री शेजारणीला?

"हाक मारता येणार नाही. शिट्टीसुद्धा नाही. श्वास मानेतल्या भोकातून येणार, तोंडातून नाही. मेंढरं वळवायची कशी तिनं?"

नऊ वर्षं ही दोघं माळावर एकमेकांशी बोलतायत. मला कधीकधी चक्क हेवा वाटतो.

२७ फेब्रुवारी
मेन्नाकडे गेले. इंटरनेटची तबकडी तिच्या कोठारावर, तिथूनच आम्हा सहा घरांना. "एक तबकडी, सहा घरं, काय डोंबल चालणार!" ती म्हणाली. "शनिवारी दुपारी बाकी पाच घरांचं नेट बंद ठेवू."

"अगं, शनिवारी वेल्सची मॅच!" खोऱ्यात रग्बी सगळे नेटवरच बघतात.

"हरणारच आहेत मेले. त्यापेक्षा इद्वलची बडबड पोचू दे."

मी तिला मिठीच मारली.

२८ फेब्रुवारी
इद्वल आणि नेलच्या मागोमाग वरच्या माळावर गेले. कोटात रेकॉर्डर लपवला होता. त्याला सांगितलं नाही. आता फाइल आणखी मोठी झाली – होऊ दे!

१ मार्च
सगळी घरं आमच्या स्वयंपाकघरात! सेंट डेव्हिडचा दिवस, वेल्सचा सण; प्रत्येकाच्या कोटाला डॅफोडिलचं पिवळं फूल. मोठ्या पातेल्यात मटणाचं सूप, टेबलावर रेडिओ. मॅच ऐकायची आणि डोळे माझ्या लॅपटॉपवर. साठ टक्के झाले तेव्हा उठली तेवढी आरोळी वेल्सच्या संघानंसुद्धा ऐकली नसेल. इद्वल म्हणत होता, "अरे, मी अजून जिवंत आहे, मला ऐका की!"

पाच वाजता – शंभर!

वेल्स हरलं. मेन्ना सगळ्यांना सांगत सुटली, मी म्हटलं नव्हतं का!

३ मार्च
रेकॉर्डिंग उत्तम आहे. कंपनीतली मुलगी म्हणाली, "शेवटी वारा आणि ओरडणं आहे, ते काढून टाकू?" खबरदार, म्हटलं. त्याचं वेगळं बटण करून द्या.

६ मार्च
आत नेताना म्हणाला, "आलो की चहा ठेव." हेच शेवटचं. दुसरं काही सुचलं नाही होय रे तुला!

१९ मार्च
घरी आला. पाटीवर लिहितो. घर फार शांत आहे. मला सहन होत नाही.

१२ एप्रिल
यंत्र आलं. मेन्नाही आली, नेलला न्यायला. फाटकाशी मी यंत्र इद्वलच्या हातात दिलं, म्हटलं, शेवटचं बटण दाब.

"जा पोरी, डावीकडून!" – त्याचाच आवाज, वाऱ्यासकट.

नेलनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डावीकडून सुटली.

मेन्ना रिकामा पट्टा घेऊन घरी गेली.