शिक्र्याचा डोळा

अण्णा, आज डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यामागची नस सुकत चाललीय. लाल रंग फिका दिसायला लागलाय, हे मीच त्यांना सांगितलं. तुमचा लाल रंग असाच गेला होता.

उमरग्याचं आपलं फोटोचं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून खिडकीवर घोंगडी टांगून अंधार केलेली कोठी. माझं लग्न ठरायचं होतं, तोवर फोटो धुवायचं काम माझ्याकडं. जंगलखात्यातले एक साहेब शिकारी पक्ष्यांचे रंगीत फोटो घेऊन आले. त्यांचं पुस्तक काळ्या शाईत छापायचं होतं, म्हणून सगळे काळे-पांढरे करून हवे होते. फिल्मचे बोटभर तुकडे, दुसरी प्रत नाही. तुम्ही एकेक तुकडा दुधी काचेवर लावून, मागून उजेड सोडून त्याचा पुन्हा फोटो घ्यायचात. त्यांतल्या शिक्र्याचा डोळा लालबुंद. भिंगापुढं लाल काच धरली तर तो फोटोत उजळ येतो, हिरवी धरली तर काळा पडतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. आणि आपला शिक्रा निघाला तो डोळ्याच्या जागी भोक पडल्यासारखा. तुम्ही माझ्यावर कडाडलात, "काचा कुणी हलवल्या? तूच न्हवं?" मी हातसुद्धा लावला नव्हता. हिरवी काच अजून तुमच्याच हातात होती. ती माझ्यापुढं नाचवत तुम्ही म्हणत होतात, "ही लाल, ही! डोळे फुटले का तुझे?" बोलणी खाल्ल्याचं मला काहीच वाटलं नाही, पण ती काच बघून मी गारठले.

दुसऱ्या दिवशी मी लाल काच तुमच्या हातात दिली. नवा फोटो धुवायला आपण दोघं कोठीत. लाल दिवा लावलेला आहे, फोटोच्या कागदाला तेवढाच उजेड चालतो. औषधाच्या पाण्यातल्या कागदावर शिक्र्याची चोच उमटतेय, छातीवरचे पट्टे उमटतायत, डोळा उजळ आणि जिवंत. मी "आला" म्हणणार, तेवढ्यात तुम्ही म्हणता, "दिवा लाव की गं. अंधारात काय बघतीस?" दिव्याचा उजेड तुमच्या तोंडावर पडलाय. बाहेर साहेब चहा पीत बसलेत. त्यांच्या कानावर गेलं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार की फोटोवाल्याला दिसत न्हाय, आणि मग आपण खायचं काय? मी बटण बंद केलं, परत लावलं. "लावला, अण्णा." दोनदा खटका वाजूनही अंधार तसाच, हे तुमच्या ध्यानात आलं. मग चाचपत माझं मनगट धरलंत. "आईला बोलू नगस. कुणालाच न्हाय. तुला माझी आण हाय," एवढंच म्हणालात.

मी नाही बोलले. सोयरीक आली की मीच काहीतरी खोट काढायची. गिऱ्हाइकाच्या शालूचा रंग तुमच्या कानात सांगायची, ताटात वाटी ठेवताना मुद्दाम वाजवायची. लोक म्हणायचे, लेकीला बापाचा लई लळा. लळा होताच, पण त्याहून भीती जास्त होती. दुकानाच्या पायरीवर कुणाची चप्पल वाजली की मी हातातलं काम टाकून पुढं धावायची.

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला हा त्रास होता का? वडलांना? नीट आठवून सांगा, पुढचे उपचार त्यावर ठरवायचेत." मी पटकन म्हणाले, "नाही हो. अण्णांची नजर शेवटपर्यंत घारीसारखी होती." त्यांनी तसं लिहून घेतलं. परत जाऊन खरं सांगितलं नाही तर उरलेली नजरही जाईल, एवढं मला कळतं. आण मोडली की ज्याची घातली त्याचं बरंवाईट होतं म्हणतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमचं काय बरंवाईट व्हायचंय? तरी माझी जीभ उचलत नाही, अण्णा.