साक्ष आणि चौदा गोळ्या

चौसाळा
ता. ९ जानेवारी २०२५

ती. शांतवनदादास,
धाकट्या सुलभाचा सा. सलाम वि. वि.

फोन असताना पत्र का, असं तू वहिनीला विचारशीलच. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते; कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. शिवाय आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं जेमिमाच्या कानावर जातं.

ती सोमवारी घरी आली. क्लासहून येताना मैत्रिणीच्या, सायलीच्या स्कूटीवरून हायवेवर मागच्या मागं पडली, त्याला आज चव्वेचाळीस दिवस झाले. तू दवाखान्यात तिला काचेतून पाहिलंस ते डोकं आता बोटभर केसांनी झाकलंय, आणि बघणाऱ्याला वाटतं की झालं, संपलं. शेजारची छबुबाई रोज कुंपणावरून विचारते की पोरगी तर लई चांगली दिसती, मग बोलंना कावून? काय सांगू तिला? उजव्या हातात कप टिकत नाही. चमचा मागायचा असतो आणि तोंडातून खिडकी येतं. मग ती रडत नाही, ताट फेकते. परवा तिनं याकोबला, आपल्या बापाला, अशी शिवी दिली की तो उठून अंगणात जाऊन बसला. रविवारशाळेत लहानांना गाणी शिकवणारी ही माझी सतरा वर्षांची मुलगी. अंघोळ घालताना ती तीच असते. तोंड उघडलं की मला भीती वाटते, आता कोण बोलणार म्हणून.

आवाज तर मुळीच सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून भिंतीला टेकते. मी कुकर माळ्यावर टाकला, भात पातेल्यात शिजवते. भिंतीपलीकडं खाजामियाँचं गॅरेज आहे. आम्ही काही सांगितलं नव्हतं; त्यानंच याकोबला विचारलं की बच्ची कधी झोपते. आता दोन ते चार त्याचा हातोडा बंद. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर त्यालाच दटावतो.

झटके येऊ नयेत म्हणून सकाळी आठला एक गोळी आणि संध्याकाळी आठला एक. एकही चुकणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मेंदूची जखम भरत असताना मोठा झटका आला तर जे परत आलंय तेही जाऊ शकतं, असं ते म्हणाले. तेव्हापासून मी घड्याळाला भिऊन आहे.

तिला चालवायचं म्हणून रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत नेते. हे पत्र तीच टाकील, डाव्या हातानं.

आजोबांनी तुझं नाव शांतवन ठेवलं आणि देवानं आवाज दिला कारखान्याच्या भोंग्याचा. तेव्हा लोभ असू दे, पण जरा हळू आवाजात.

तुझी
सुलभा


कडा
ता. १४ जानेवारी २०२५

चि. सुलभास,
शांतवनदादाचे अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता मी उभा राहिलो. पानोपान भीती लिहिलीयस, सुले! भात कशात शिजवायचा इथपर्यंत ती तुझ्या घरात शिरली. मी आयुष्यभर इतिहास वाचत आलो. माणसं शत्रूनं जितकी मारली नाहीत तितकी त्यांच्याच घाबरटपणानं मारली. आपल्या पणजोबांना याच जिल्ह्यात पाणवठ्यावरून हाकललं, तेव्हा ते कुजबुजत घरी गेले का? भर बाजारात उभं राहून त्यांनी येशूचं नाव घेतलं, आणि त्या एका आवाजावर आज तू मास्तरीण आहेस आणि मी चर्चचा पाळक. आपण आवाजाची माणसं आहोत. दबून बोलणं आपल्या रक्तात नाही.

डॉक्टरांचा मान मी ठेवतो. पण शेवटचा शब्द त्यांचा नव्हे.

शुक्रवारी, चोवीस तारखेला, तुझ्या अंगणात दिवसभराची उपवास-प्रार्थना करू. मंडळीतले तीस जण येतील. ढोलकी, दोन खंजिऱ्या आणि आमचा नवा माईक. खाजामियाँना माझा सलाम सांग; त्या दिवशी त्यांनी हातोडा खुशाल चालवावा, कोणाला ऐकू येणार नाही. तुझी वहिनी मागून म्हणते आहे की माईक नको. तीस वर्षं ती हेच म्हणते.

जेमिमाला सांग, मामा येतोय.

भीती सोड आणि या दादावरचा लोभ घट्ट धर.

तुझा
शांतवनदादा


चौसाळा
ता. ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सुलभाचा सा. सलाम वि. वि.

तुला चार फोन केले. वहिनी म्हणाली, तू मेळाव्याच्या तयारीत फिरतीवर आहेस. म्हणून लिहिते.

त्या शुक्रवारी तू गेल्यावर मी तुला कौतुकाचं पत्र लिहिणार होते. खोटं कशाला सांगू, मीही रडले त्या दिवशी. ढोलकी सुरू झाली तशी ती कान दाबून बसली होती. तू समोर उभा राहून गरजलास आणि तिनं उजवा हात खांद्यापर्यंत उचलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग तू माईकवर सांगितलंस की ही मुलगी आज पूर्ण बरी झाली, आणि देवाच्या कामाची अशी साक्ष चारचौघांत दिल्यावर मागं वळून पाहणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं. तीस जणांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, दादा. ते आमेन मला अजून घशात टोचतंय.

त्यानंतर आठवड्यानं, एक तारखेच्या शनिवारी सकाळी साडेसातला तोंड धुताना ती कोसळली. सात मिनिटं. मी घड्याळाकडं बघत राहिले, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं. खाजामियाँनं दुरुस्तीला आलेली जीप काढली आणि आम्हाला बीडला नेलं. काल घरी आलो. चमचा हा शब्द तिला सापडला होता, तो परत गेला. माझं नावसुद्धा गेलं होतं. ते अर्ध्या दिवसानं आलं.

अंथरूण झटकताना तिच्या गाण्यांच्या वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात गोळ्या सापडल्या. चौदा. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सात दिवस, रोजच्या दोन. मी जिभेवर ठेवत होते, पाणी पाजत होते, आणि ती गालात धरून ठेवत होती. का, म्हणून विचारलं. वाक्य जुळवायला तिला फार वेळ लागला. ती म्हणाली की मामांनी साक्ष दिली, आता गोळी घेतली तर मामा खोटे ठरतील.

आता गोळी दिसली की दात आवळते. सरबतात औषध घातलं, ते तिनं ओळखलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी पीत नाही. डॉक्टरांनी समजावलं, याकोबनं समजावलं. पण साक्ष आमची नाही, तुझी आहे, आणि तुझ्याशिवाय ती कोणाला मागं घेता येत नाही. ये, आणि तिला सांग की मी चुकलो. दोनच शब्द. आयुष्यभर तू लाखो बोललास.

आज लोभ मागत नाही. हे दोन शब्द मागते.

सुलभा


कडा
ता. ७ फेब्रुवारी २०२५

चि. सुलभास,
अ. आ.

पोरीचं वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तरी तू काय मागतेस ते समजून घे.

चौदा तारखेला इथल्या मैदानावर जिल्ह्याचा मेळावा आहे. दोन हजार माणसं येतील. जेमिमाची साक्ष मी सांगणार, असं पत्रकावर छापून गेलंय. पण पत्रकाचं सोड. आमच्या मंडळीत मुंजाजी म्हणून एक जण आहे. अकरा वर्षं रोज प्यायचा. माझ्या एका शब्दावर त्यानं बाटली टाकली आणि आता दर रविवारी पहिल्या रांगेत बसतो. माझा एक शब्द हलला तर उद्या त्याचा हात कुठं जाईल? असे किती मुंजाजी माझ्या शब्दाला धरून उभे आहेत, तुला ठाऊक नाही.

गोळीही देवानंच दिली, असं जेमिमाला माझ्या नावानं सांग. मेळावा झाला की मी येतोच.

दादाला चुकीचं समजू नकोस, एवढी माया राहू दे.

शांतवन


चौसाळा
ता. ९ फेब्रुवारी २०२५

मा. शांतवनदादा यांस,
याकोबचा सलाम वि. वि.

मला पत्राची सवय नाही. लाईनमनचं लिहिणं म्हणजे वहीत वेळ टाकणं. पण तुमच्याशी बोलण्यात आजवर कोणी जिंकलेलं नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या नावानं सांगितलं. ती म्हणाली, मामांनी स्वतः सांगावं.

बावीस वर्षं खांबावर चढतो. आधी लाईन बंद करून घेतो. मग तार जमिनीला जोडतो. मग प्रार्थना करतो आणि मग चढतो. लाईन बंद केली म्हणून देवावरचा भरवसा कमी पडला, असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

औषध चारदा पाजतो तेव्हा एकदा पोटात जातं. बाकीचं ओढणीवर. काल तिचा ओठ दोनदा आपोआप उडाला. तेव्हापासून सुलभा तिच्या तोंडाकडं बघत बसलीय, जेवत नाही. खांबावर मला कधी भीती वाटली नाही. घरात वाटते.

मुंजाजीचं वाचलं. तो मोठा माणूस आहे. हे लेकरू हाय, दादा.

आणखी एक. तिनं मला शिवी दिली तेव्हा मी अंगणात जाऊन बसलो ते रागानं नव्हे. घरी आल्यापासूनचं ते तिचं पहिलं पुरं वाक्य होतं. सुलभासमोर मला रडायचं नव्हतं.

चूकभूल पोटात घाला, आणि आम्हाला आपलं समजा.

याकोब


कडा
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. सुलभा व चि. याकोब यांस,
शांतवनचा सलाम.

याकोब, तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर द्यायला उभा राहिलो आणि परत खाली बसलो.

त्या शुक्रवारी सकाळी तुमच्या अंगणात ढोलकी सुरू झाली, तेव्हा मी मंडपामागं टाकीजवळ गेलो होतो. तुम्हाला वाटलं, प्रार्थनेला गेला. मी रक्तदाबाची गोळी घ्यायला गेलो होतो. सहा वर्षं घेतोय, सकाळ-संध्याकाळ, आठाच्या ठोक्याला. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात असतं. हे सुलेच्या वहिनीशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणूनच ती हल्ली माईकला जास्तच नको म्हणते. तिथं पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली, बाहेर आलो, आणि एका जखमी लेकराला सांगितलं की मागं वळून पाहू नकोस.

मुंजाजीबद्दल लिहिलं ते खोटं नव्हतं. पण मी त्याच्या आड उभा होतो. सुले, तुला मी भित्री म्हटलं. तू पोरीसाठी भीत होतीस. मी दोन हजार माणसांसमोर लहान व्हायला भीत होतो. आजही भितोय. हे लिहितानाही घाम फुटलाय.

आत्ता गाडी काढून येतो म्हणालो, तर तुझी वहिनी आडवी आली. तिचं म्हणणं असं की घरात येऊन कानात सांगितलं तर जेमिमाला वाटेल, आई-बापानं मामाला पढवलं. मला ते पटलं. चूक माईकवर झाली, ती माईकवरच मोडली पाहिजे. शुक्रवारी सकाळी आठला मेळावा सुरू होतो, फोनवर दिसतो. तिला समोर बसव. तोवर याकोब, जेवढं औषध पोटात जाईल तेवढं घाल.

ती ऐकेल की नाही, मला ठाऊक नाही. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

तुमचा लोभ मी घालवला असेल तर तो परत कमवायला मला वेळ द्या.

शांतवन


चौसाळा
ता. १५ फेब्रुवारी २०२५

प्रिय शांतवनमामा,
सलाम.

हे मी लिहिलं. डावा हात. आई शेजारी बसली आहे. बघत नाही असं दाखवते.

काल तुम्ही फोनवर दिसलात. तुमचा आवाज लई मोठा. मी कान दाबले. पप्पांनी आवाज बंद केला. म्हणून तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. आई नंतर सांगणार होती. मी नको म्हटलं.

तुम्ही हात वर केला नाही. कोटाच्या आतून पाकीट काढलं. एक गोळी. सगळ्यांना दाखवली. तांब्यातून पाणी घेतलं. तुमचा हात कापत होता. माझा कापतो तसा. गिळली. मग तोंड उघडून दाखवलं. जीभ पण वर केली. आई मला आता करायला लावते तसं.

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. पप्पा घाबरले. म्हणाले, मुंजाजी असेल. तो गेला नाही. परत बसला.

मग मी हात पुढं केला. आईनं गोळी दिली. गालात नाही ठेवली.

संध्याकाळी पण घेतली. आज पण.

मामा, मला भीती वाटते. शब्द परत जातील. परत पडेन. तुम्हाला पण वाटते का, ते त्या दिवशी अंगणात विचारायचं होतं. शब्द सापडला नाही.

आता या. माईक नको. ढोलकी नको. मामी आणा.

हे पत्र मीच पेटीत टाकणार. वाटेत दोनदा बसून.

माझी गोळी आठला. आई म्हणते, तुमची पण आठला असते. तेव्हा रोज माझी आठवण काढा. मी तुमची काढते.

तुमची
जेमिमा