तळातली भाकरी

आप्पा, मंचरला आता बाजरीचं पीठ पाकिटात मिळतं. तुम्ही असता तर दुकानदाराला विचारलं असतं, “बाजरी कुठली म्हनायची ही? अन् दळली कदी?” आणि त्याला उत्तर सुचेपर्यंत मागची रांग रस्त्यावर गेली असती. मी काही विचारलं नाही. गुपचूप दोन पाकिटं पिशवीत टाकून पेठला घरी आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी भाकरी थापायला लागले ती आत्ता, या वर्षी. नकाशे होतात. तुमची नात, जी तुम्ही पाहिली नाहीत, अकरावीत आहे, रोज विचारते, “आई, आज कोणतं राज्य केलंयस?” तुमच्याही पहिल्या भाकऱ्या अशाच व्हायच्या म्हणे. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आत्या सांगायची, की लोणीच्या घरात तुम्ही दाराला कडी लावून भाकरी थापायचात, बाप्यामाणसाला काटवटीपुढं बसलेलं कुणी बघू नये म्हणून. आणि पुढं त्याच माणसानं आळेफाट्याला हॉटेल टाकलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या देखत चुलीपुढं बसून भाकऱ्या बडवायला लागला. लोक हसले. तुम्ही म्हणायचात, “हसा की लेकांनो, पर बसून हसा. हुभ्यानं मासवडी ग्वाड लागत न्हाई.”

तुमच्यासारख्या माणसाची पोरगी पुण्याला कापड विणायला शिकायला गेली, यात खरं तर नवल काही नव्हतं. पण शेवटच्या वर्षी मी अडकले. प्रत्येकानं आपल्या मनानं एक विणलेलं कापड करायचं होतं, आणि त्यासाठी आधी कल्पना आणायची होती. आमच्या मॅडमना ती कल्पना आणि तिचा छोटा नमुना पटला तरच मोठा माग मिळणार. नाही पटली तर वर्ष गेलं. आणखी एक वर्ष मला पुण्यात ठेवणं तुम्हाला झेपणार नव्हतं. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, मला ते माहीत होतं. गल्ल्यावर घरचं माणूस पाहिजे होतं तुम्हाला. पगारावर ठेवलेला एकही माणूस टिकत नव्हता. म्हणजे कल्पना नाही सुचली, तर मी आयुष्यभर आळेफाट्याला गल्ल्यावर बसून बडीशेप वाटणार, हे ठरल्यासारखंच होतं. मला ते नको होतं, आप्पा. मला माग पाहिजे होता, इतका की रात्रंदिवस कानात खटखट ऐकू यायची.

मी आधी काय केलं, तर शिवनेरीचा दरवाजा, नाणेघाटातला दगडी रांजण आणि लेण्याद्रीच्या कमानी अशी सगळी चित्रं एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवून नेली. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, “हे कॅलेंडर छान आहे. कापड कुठंय?” तुम्हाला फोनवर हे सांगितलं तर तुम्ही आधी हसलात आणि मग कामालाच लागलात. रोज फोन. “बिबट्या काढ. सगळ्या तालुक्याचा जीव त्याच्यात आडकलाय.” दुसऱ्या दिवशी, “टमाटी काढ, नारायणगावचं नाव व्हईल.” मग तुम्ही गिऱ्हाइकांनाच विचारायला लागलात. बिल देताना प्रत्येक ड्रायव्हरनं एक कल्पना द्यायची. “नाशिकची गाडी आलीया, तो म्हनतो द्राक्षाचे घोस. नगरचा म्हनतो, कशाला डोकं लावता राव, मोर काढा, मोर कुटंबी चालतो.” मी म्हटलं, आप्पा, पुरे, अख्खा हायवे माझ्या प्रोजेक्टला बसवू नका. तर तुम्ही जरा रुसून म्हणालात, “बरं. मंग तूच ये, अन् हितं बसून काढ.”

आले. दोन दिवसांची सुट्टी होती. गल्ल्यावर बसले आहे. दुपारची गर्दी ओसरली आहे, चुलीवर मासवडीच्या रश्श्याचा तळ उरला आहे, आणि तुम्ही आपलं ताट वाढून घेता आहात. भाकऱ्यांच्या दुरडीत हात घालून तुम्ही सगळ्यात तळातली भाकरी काढता. गरम भाकऱ्या एकावर एक रचल्या की वाफ खाली धरते आणि तळातलीला घाम येतो, ती ओली होते, बोटाला चिकटते. ती गिऱ्हाइकाला देता येत नाही. ती तुमची. लहानपणापासून बघत होते, रोज ती तुमचीच. मी कधी विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मला मऊच आवडती.” त्या दिवशी मी विचारलंच नाही. मी दुरडीतलं फडकं उचललं, तुमच्या जुन्या धोतराचा तुकडा होता तो, भिजून गार झालेला, आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. भाकरी ओली होणार नाही असं कापड! त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. तुम्ही मागून ओरडत होतात, “अगं जेवून तरी जा!”

मॅडमना ऐकून पटलं. निदान हसल्या तरी नाहीत. मग मी नमुन्याच्या छोट्या मागावर पहिला नमुना विणला. मधाच्या पोळ्याला असतात तसे खळगे पडणारी वीण असते, तिच्यात वाफेला जायला जागा मिळते आणि कापड अंगाला चिकटत नाही. पांढराशुभ्र बारीक सुती उभा ताणा, तसाच आडवा बाणा, आणि कडेनं बोटभर निळा काठ. इतकं देखणं झालं, की शेजारच्या मागावरच्या मुली हात पुसून बघायला आल्या. मॅडम म्हणाल्या, “रिव्ह्यूच्या दिवशी हे टेबलावर पसरू नकोस. यात तुमच्या हॉटेलची भाकरी येऊ दे. आपण उघडू, आणि बघू.” मी कापड तुमच्याकडं दिलं, चारदा समजावलं: गरम भाकऱ्या यातच बांधायच्या, थेट यातच, आणि पहिली गाडी धरायची. तुम्ही म्हणालात, “येवडं काय त्यात! भाकऱ्या बांधायच्याच ना?”

आणि तुम्ही आलात. इस्त्रीचा सदरा, टोपी, गाडीत उभ्यानं आलेला माणूस, छातीशी गाठोडं धरलेलं. मॅडम आणि बाहेरून बोलावलेले दोन परीक्षक टेबलामागं. मी गाठोडं सोडलं. वर माझं कापड. घडी घातलेलं, कोरं, एका स्वच्छ कॅरीबॅगमध्ये. आणि खाली दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भाकऱ्या. पिशवीला आतून पाण्याचे थेंब. सगळ्या भाकऱ्या मिळून एकच गोळा झालेला. आई शप्पथ सांगते आप्पा, त्या क्षणी जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, “काका, कापडात का नाही बांधल्या?” तुम्ही त्यांच्याकडं असं बघितलंत जणू त्यांनाच कळत नाही. “ह्यात? बाई, पोरीनं हातानं इणलंय हे! पीठ लागलं असतं, राख लागली असती. चांगलं कापाड हाये ते.” परीक्षकांपैकी एकजण खोकल्याचं निमित्त करून हसले. मॅडमनी त्या गोळ्याचा एक तुकडा तोडला, खाल्ला, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, “तुझं कापड नापास आहे. पण तुझ्या वडिलांनी तुला खरा विषय दिलाय. जे वापरायला जीव धजत नाही, त्यात भाकरी कोण बांधणार? यांनी विचार न करता उचललं पाहिजे, असं विणून आण. महिना देते.”

शिवाजीनगरच्या स्टँडवर तुम्ही ते कोरं कापड पुन्हा गाठोड्यात बांधून गाडीची वाट बघत बाकावर बसला होतात आणि मी तुमच्याशी बोलत नव्हते. शेवटी तुम्ही म्हणालात, “माझ्यापायी ग्येलं का गं तुजं?” मी येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत होते. तुम्ही म्हणालात, “ग्येलं तर ग्येलं. गल्ला हाये की आपला.” आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवलात. “न्हाई. चुकून बोललो. मला एकट्याला सुदरत न्हाई तिथं, म्हनून आलं तोंडात. तू इण. गल्ल्याचं मी बगतो.” मग मला हसूच आलं, आणि रडूही, आणि तुम्ही घाबरून कुठूनसा दोन पेले उसाचा रस घेऊन आलात. एवढ्यात गाडी लागली. तुम्ही आपला पेला एका घोटात संपवून धावत सुटलात आणि रिकामा पेला हातात तसाच घेऊन गाडीत चढलात. तो पेला पुढं हॉटेलात बडीशेपेसाठी होता.

त्या महिन्यात मी दर रविवारी आळेफाट्याला येत होते आणि तुमच्या चुलीमागच्या खिळ्यावरची फडकी बघत होते. फाटका पंचा, सदऱ्याची बाही, गोणपाटाचा तुकडा, आईच्या जुन्या लुगड्याचा मधला भाग. तुमचा हात न बघता मागं जायचा आणि नेमकं यांतलंच एक उचलायचा. मी नवा टॉवेल टांगून बघितला. त्याला तुम्ही हात लावला नाहीत, संध्याकाळी घडी करून फळीवर ठेवलात. लुगड्याचा काठवाला तुकडा टांगला, तोही फळीवर गेला. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. काठ! आपल्याकडं काठ असला की कापड चांगलं, आणि चांगलं कापड म्हणजे पेटीत. मग मी काठ काढून टाकला. बारीक सूत सोडलं, जाडंभरडं, गाठीगाठीचं घेतलं, बाजरीच्या पिठाच्या रंगाचं. मध्ये हळदीचे फिके पट्टे, मुद्दाम कमीजास्त, म्हणजे खरा डाग कुठला आणि विणलेला कुठला ते कळायचं नाही. वीण मात्र तीच ठेवली. कॉलेजातली एक मैत्रीण म्हणाली, “हे तर पोतेरं दिसतंय!” मी तिला मिठी मारली.

तसली तीन फडकी मी एका रविवारी भल्या सकाळी तुम्हाला न सांगता त्या खिळ्यावर अडकवली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. गर्दी सुरू झाली. तुमचा हात मागं गेला, एक फडकं आलं, पीठ पुसलंत. दुसऱ्यानं तवा धरलात. तिसरं दुरडीत अंथरून वर भाकऱ्या रचायला लागलात. मग मान पुसलीत! माझ्या कापडानं मान पुसलीत, आप्पा! मला उठून नाचावंसं वाटत होतं आणि समोरचा ड्रायव्हर सुट्टे मागत होता. दुपारी तुम्ही ताट घेतलंत, दुरडीच्या तळाशी हात घातलात आणि थांबलात. भाकरी बाहेर काढली, उलटी केली, बोटानं दाबली. “अगं, ही वली न्हाई.” मी म्हटलं, “नाही का?” तुम्ही दुरडीतलं फडकं उचलून बघितलंत, मग माझ्याकडं. “कुणाचं हाये हे?” मी म्हटलं, “माझं.” तुम्ही पटकन हात सदऱ्याला पुसलेत आणि त्या मळक्या फडक्याची घडी घालायला लागलात! मी ओरडले, “आप्पा, फळीवर ठेवलंत तर बघा!” सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

तेच फडकं, न धुता, मी रिव्ह्यूला नेलं. मॅडमनी ते नाकाशी धरलं. “लसूण जास्त झालाय,” म्हणाल्या, आणि मला मोठा माग दिला. तुम्ही सगळ्या फाट्याला त्या दिवशी फुकट चहा पाजलात. विचारेल त्याला सांगत होतात, “लेकीचं फडकं पास झालं.”

आता पेठला रस्त्याला लागून माझे चार माग आहेत. ती फडकी कुठंकुठं जातात. कुणी त्यात पाव ठेवतं, कुणी पोळ्या. येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते, वापरा हो, जपून ठेवू नका. शिकायला मुली येतात, त्यांना काठाची गोष्ट सांगते आणि त्या हसतात. माझं ते पहिलं, निळ्या काठाचं कापड मला तुम्ही गेल्यावर तुमच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं, त्याच कॅरीबॅगमध्ये, डांबरगोळ्या घालून. ते तसंच ठेवलं आहे.

आज सकाळी तुमच्या नातीला कॉलेजला डबा द्यायचा होता. धुतलेली फडकी मागांच्या खोलीत राहिलेली, गाडीची वेळ झालेली. पोरीनं पेटी उघडून ते पांढरं कापड काढलं आणि माझ्या गरम भाकऱ्या त्यात ठेवायला लागली. आणि मी, आप्पा, मी जवळजवळ झडपच घातली. “अगं ते नको! चांगलं आहे ते!” ती बघतच राहिली. मी भाकऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या. ती गेल्यावर कापडाची घडी करून परत त्या जुन्या कॅरीबॅगच्या पिशवीत घातली, तेव्हा माझं मलाच हसू येत होतं.

हे पत्रही आता त्याच पिशवीत जाईल, दुसरीकडं कुठं धाडणार? पण एक सांगायचं राहिलं. दुपारी पोरीचा फोन आला, “आई, सगळ्या भाकऱ्या ओल्या झाल्यात, तळातली तर खाववत नाही.” म्हटलं, टाकू नकोस, घरी आण. आत्ता संध्याकाळी बसून ती मी खाल्ली, अख्खी. वाईट लागते, आप्पा. लई वाईट लागते. मऊ आवडते म्हणे!