आर्लेत पुढच्या दारानं जेवायला जाते

तुर्न्यू, बारा जून

तीर्थस्वरूप लेओंतीन वन्संना आर्लेतचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? सगळ्यात आधी हेच विचारते, कारण मागच्या पत्रात मी ते शेवटी विचारलं म्हणून तुम्ही दोन महिने उत्तर धाडलं नव्हतं. नवा डॉक्टर जिने चढू नका म्हणतो आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा मजला बदलायचा की डॉक्टर, हे तुम्हीच ठरवा. तुमचा कॅनरी अजून गायला लागला नसेल तर त्याच्यामागे लागू नका (काहींचा स्वभावच गप्प असतो, मी अशा एकाशी अडतीस वर्षं संसार केला आहे). इकडे आम्ही दोघं खुशाल. तुमचे धाकटे बंधू फिरमँ यांची पाठ ठीक, भूक ठीक. नदीवरची जलद्वारं उघडायची-मिटायची नोकरी संपून सहा वर्षं झाली, तरी बोटीचा भोंगा वाजला की घास हातात धरून खिडकीशी जातात.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत, की सहलीत त्या दोन मोठ्या हॉटेलांत काय काय खाल्लं ते क्रमवार कळव, एकही पदार्थ गाळू नकोस. वन्सं, प्रयत्न करते. पण तुम्हाला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षं आमच्या गावच्या, स्वयंपाकासाठी दोन तारे मिळालेल्या हॉटेलात भांडी घासली, आणि त्या एकतीस वर्षांत तिथला एकही पदार्थ मी पुरा पाहिला नाही. ताटली माझ्याकडे यायची ती सगळं होऊन गेल्यावर. (तरी त्यावरूनही पुष्कळ कळतं. दोघांच्या ताटल्या अर्ध्याच परत आल्या तर जेवताना भांडण झालं. एकाची साफ आणि दुसऱ्याची भरलेली, तर कुणीतरी कुणाचा निरोप घ्यायला आलं होतं. दोन्ही ताटल्यांत दोघांचे काटे, तर अजून लग्न झालेलं नाही.) शिवाय वाढपी टेबलाशी उभे राहून इतका वेळ काय सांगतात, हे मला कधी कळलं नव्हतं. मधलं दार उघडलं की 'हे जे आपण बघताय ते...' एवढं कानावर यायचं आणि दार मिटायचं. त्या वाक्याचा उत्तरार्ध मी एकतीस वर्षं ऐकलेला नव्हता.

म्हणून मार्चअखेर मी निवृत्त झाले तेव्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी मिळून मला एक पाकीट दिलं. त्यात दोघांची आगगाडीची तिकिटं, सोम्यूरला एका ताऱ्याच्या हॉटेलात दुपारचं जेवण, आणि तिथून पुढे ब्रिटनीच्या किनाऱ्यावर आमच्या शेफचे जुने मित्र शेफ त्रेगेर यांच्या तीन ताऱ्यांच्या (याहून जास्त तारे कुणालाच मिळत नाहीत) हॉटेलात दुसरं जेवण. पाकिटावर लिहिलं होतं, 'आर्लेतला, पुढच्या दारानं जाण्यासाठी.' तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते कांद्यामुळे, असं तुमचे बंधू सगळ्यांना सांगत फिरतात. कांदा हे माझं खातं कधीच नव्हतं.

सोम्यूरला आम्ही नीटनेटके होऊन गेलो. मी निळा पोशाख घातला, केसांचा अंबाडा घातला (सतरा आकडे लागले), आणि तुमच्या बंधूंनी तो कोट, जो त्यांना पुढून होतो पण मागून होत नाही. आधी चमच्यावर काहीतरी आलं. ते तोंडात गेलं आणि चव कळायच्या आत नाहीसं झालं. मग एक गाजर आलं. एकच. वाढपी वाकला आणि म्हणाला, "हे जे आपण बघताय ते..." वन्सं, मी त्याचा हातच धरला. म्हटलं, सावकाश सांगा आणि पुरं सांगा. बिचाऱ्यानं सांगितलं. गाजर कुठल्या शेतात वाढलं, त्या शेताला वारा कुठल्या बाजूनं लागतो, ते कुठल्या दिवशी उपटलं आणि मग राखेत किती तास निजवलं. इतकं सगळं ऐकल्यावर त्याला सुरी लावायची म्हणजे ओळखीच्या माणसाला सुरी लावल्यासारखं वाटलं. तुमचे बंधू एवढंच म्हणाले, की पाव कधी येणार तेही विचारून घे.

चौथ्या पदार्थापर्यंत सगळं सुरळीत होतं. पण मी गप्पांच्या नादात असताना माझे हात आपलं आपलं काम करत राहिले. तुमच्या बंधूंच्या ताटलीतलं उरलंसुरलं (पावानं पुसल्यामुळे काही नव्हतंच) माझ्या ताटलीत खरवडलं, ताटल्या एकावर एक ठेवल्या, वर वाट्या, वाट्यांत काटे-चमचे उभे. शेजारच्या टेबलावरच्या नवराबायकोचंही आटोपलेलं दिसलं, म्हणून हात लांबवून त्यांच्याही घेतल्या. ती बाई "आभारी आहे" म्हणाली आणि तिनं पेलासुद्धा पुढे केला. मग माझ्या लक्षात आलं, की हॉलमध्ये कुणीच बोलत नाहीये. वाढपी धावत आला, ती चळत माझ्या हातांतून त्यानं अशी घेतली, जशी दाई बाळ घेते. (चळत तो चुकीच्या रीतीनं धरत होता, अंगठा आत. मी बोलले नाही.) पुढे आगगाडीत तुमच्या बंधूंनी माझ्याकडून वचन घेतलं, की तीन ताऱ्यांच्या ठिकाणी माझे दोन्ही हात मांडीवर राहतील. त्यांना भीती ही, की शेफ त्रेगेर आमच्या शेफना फोन करून सगळं सांगणार आणि ज्यांनी प्रेमानं पाकीट दिलं त्यांना खाली बघावं लागणार. भीती रास्त होती. मलाही होती.

ब्रिटनीतलं हॉटेल समुद्रावर, खडकाला लागून आहे. टेबल खिडकीपाशी. मी हात मांडीवर ठेवले. पहिल्यांदा शेवाळाचं लोणी आलं, मग एक कालव, त्यावर सफरचंदाच्या दारूचा बर्फ (हे छान होतं, लिहून ठेवा). मग रिकामी ताटली समोर आली, पुढच्या पदार्थासाठी. आणि वन्सं, तिच्या कडेला खसखशीएवढा वाळलेला डाग होता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय. तुमच्या बंधूंना तर तो मी बोटानं दाखवला तरी दिसला नाही. पण मला नंतर दुसरं काही दिसेना. पेला उजेडात धरला, तर त्यावर धुरकट साय. काट्याच्या दातांत काहीतरी. म्हणजे आतल्या भांडी धुवायच्या यंत्राचं पाणी नीट येत नाही, आणि पाणी मऊ करायच्या टाकीतलं मीठ संपलं आहे. वाढप्याला सांगावं, तर आत मोरीशी जे कोणी असेल त्याची वाट लागणार. बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून धुतलेल्या एका पेल्यावर लिपस्टिक राहिली होती. त्या दिवशी मी जे ऐकून घेतलं ते अजून माझ्या कानांत आहे. न सांगावं, तर संध्याकाळी हाच पेला दुसऱ्या कुणासमोर जाणार, आणि तो माणूस सांगणारच. मी रुमालानं ताटली पुसली, पेला पुसला, चमचेही पुसले. मग तुमच्या बंधूंना म्हटलं, जरा हात धुऊन येते. (हे अक्षरशः खरं होतं.)

स्वच्छतागृहाचं दार डावीकडे होतं. मी उजवीकडचं ढकललं.

आत नोलवेन नावाची बाई, पन्नाशीची, खांदे माझ्या दुप्पट, कोपरापर्यंत साबणात. जोडीदारीण शुक्रवारी काम सोडून गेली होती, यंत्र नुसतं गुरगुरत होतं, आणि दुपारच्या साठ माणसांची भांडी ती एकटी हातानं विसळत होती. मला बघून ती म्हणाली, "बाई, रस्ता चुकलात."

मी म्हटलं, "तुझ्या यंत्राचा फिरता दांडा शेवटचा कधी साफ केलास?"

तिनं भिंतीवरचा ॲप्रन काढून माझ्याकडे फेकला. दांडा काढला; त्याच्या भोकांत माशाचे खवले आणि लिंबाच्या बिया गच्च बसल्या होत्या. मी अंबाड्यातला एक आकडा काढून एकेक भोक मोकळं केलं, आकडा वाकला की दुसरा. तिनं कोठीतून मिठाची गोणी आणली. यंत्र पुन्हा चालू केलं, तर पाणी असं सपासप लागलं की आम्ही दोघी कान लावून ऐकत उभ्या राहिलो. मग तुंबलेल्या भांड्यांच्या रॅकवर रॅक लावल्या. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. वन्सं, खरं सांगते, एप्रिलपासून माझे हात इतके गप्प कधी नव्हते.

आता अशा ठिकाणचा नियम असा, की एका टेबलावरच्या सगळ्यांना एकदमच वाढायचं. एक माणूस जरी जागेवर नसेल तर दोन्ही ताटल्या परत आत जातात, आणि थंड झालेलं पुन्हा वाढायचं नाही, म्हणून पदार्थ नव्यानं करायचा. हे मला माहीत होतं, पण आपल्यामुळे तसं होत असेल हे डोक्यातच आलं नाही. तुमच्या बंधूंनी वाढप्याला दर वेळी शांतपणे सांगितलं, की ती समुद्र बघायला गेली आहे, तिला समुद्र फार आवडतो. शेवटी शेफ त्रेगेर स्वतः भडकले. माझ्यामागे हातभर अंतरावर उभे राहून ते मोठ्यानं विचारत होते, की चार नंबरच्या टेबलाची बाई आहे कुठे, मासा तीनदा झाला, तिला कोणी पाहिलंय का. नोलवेन खाली मान घालून बशा मोजायला लागली. मी वळले. केस मोकळे सुटलेले, निळा पोशाख कंबरेपर्यंत ओला.

"मी इथे आहे," मी म्हटलं. "आणि मासा तीनदा झाला असेल तर सहा ताटल्या जास्त पडल्या असतील. त्या इकडे द्या."

आमच्या शेफनी माझं नाव त्यांना कळवलं होतं, पण नुसत्या नावावरून मोरीशी उभं असलेलं माणूस कसं ओळखणार? मग त्यांनी यंत्रातून नुकताच निघालेला एक पेला उचलला, दिव्यासमोर धरला, फिरवला आणि जागेवर ठेवला. म्हणाले, "चौथ्यांदा करतो. इथे आणून देऊ की तिकडे?"

'इथेच' असं अगदी ओठांवर आलं होतं. नोलवेनबरोबर, त्या पत्र्याच्या ओट्याशी उभं राहून, मला जास्त बरं वाटलं असतं. पण मग पाकिटावर काय लिहिलं होतं ते आठवलं. मी ॲप्रन काढला. निघताना नोलवेन म्हणाली, "पुरं संपव. ताटली माझ्याकडेच येणार आहे, मला कळेल."

तर वन्सं, तो मासा. पांढरा, चपटा, कुट्टूच्या पिठाच्या कुरकुरीत पापुद्र्याखाली निजलेला, आणि भोवती पिवळसर रस. तो रस बघताक्षणी मी ओळखला. वाळून कडक झाला की हाच ताटलीला असा चिकटतो, की गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्याशिवाय सुटत नाही; एकतीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. गरम असताना तो कसा लागतो, हे मला आत्ता कळलं. मी चमचा तोंडात धरून तशीच बसले. तुमचे बंधू घाबरून विचारायला लागले, काय झालं, काटा लागला का? मी मान हलवली. इतक्या वर्षांत मी हे किती बादल्या नाल्यात सोडलं असेल, एवढंच मनात येत होतं. आणि ते इतकं चांगलं होतं, की मला कुणाचा रागही येईना. ते ज्यांच्यासाठी केलं त्यांनी खाल्लं. उरलं ते मी पाहिलं. आता उरायच्या आधीचंही पाहिलं.

ताटली मी पावानं अशी पुसली की नोलवेनला ती धुवायची गरज वाटू नये. थोड्या वेळानं मधलं दार उघडलं आणि आतून एक मोठं, जाड हसू ऐकू आलं. मग दार मिटलं. पुढे चीज आणि तीन गोड पदार्थ झाले, पण ते नेमके काय होते ते तुमच्या बंधूंनाच विचारा. त्यांनी दोघांचे खाल्ले.

तर असा सगळा क्रम. गाळलेले पदार्थ मी खाल्लेले नाहीत असं समजावं. कॅनरीला माझी आठवण सांगा आणि जिने सावकाश उतरा.

तुमची,
आर्लेत

ता. क. निघताना शेफ त्रेगेरनी स्वतः माझा कोट धरला आणि हळूच विचारलं, की जुलै ते सप्टेंबर तीन महिने नोलवेनच्या जोडीला याल का, वर समुद्राकडे तोंड असलेली खोली आहे, दोघांना पुरेल. मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. पण अजून विचारलेलं नाही. एकतीस वर्षं मी रोज कामावर गेले आणि ह्यांनी एकट्यानं पाव कापून खाल्ला. आता कुठे मी घरी बसले आहे. कोणत्या तोंडानं विचारू? ते ऐकतात ते फक्त तुमचं. तेव्हा रविवारी फोन करून, जणू तुमच्याच मनात आल्यासारखं, समुद्राच्या हवेचं काही बोलाल का? माझं नाव मुळीच घेऊ नका. खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. (हे अक्षर फिरमँचं.) ताई, पाकीट चिकटवून टपालात टाकायला हिनं माझ्याकडे दिलं. हिची पत्रं मी नेहमी वाचूनच चिकटवतो, नाहीतर मला घरात काय चाललंय ते कळायचं कसं? ती उजवीकडच्या दारानं आत गेली ते मी पाहिलं होतं. पहिला मासा परत गेला तेव्हाच मी वाढप्याला विचारून घेतलं, तुमच्याकडे उन्हाळ्यापुरती मोरीशी जागा आहे का, आणि असली तर जेवण आटोपल्यावर शेफनी तिला विचारावं, माझं नाव मुळीच घेऊ नये. एप्रिलपासून हिनं माझी हत्यारांची पेटी तीनदा साबणानं धुतली आहे. करवतीला गंज चढला. खोलीचं मी तिथेच नक्की करून टाकलं. तरी तू रविवारी फोन कर. मी दोनदा नाही म्हणेन, तू सोडू नकोस. ती शेजारी उभी असेल.